गाडी वेगानं गेली, घर तिथंच राहिलं

शिलाँगला पोस्टिंग झाली की दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागते, पावसाची आणि गिटारची. लू माजॉ नावाचे इथले गायक १९७२ पासून दर २४ मेला बॉब डिलनचा वाढदिवस गाणी गाऊन साजरा करत आलेत. असं हे गाव. भाजीच्या दुकानातला पोरगाही रिकाम्या वेळी तारा छेडत बसलेला दिसतो.

एका रविवारी पोलीस बाजारात खरेदीला गेलो होतो. बरोबर माझ्या कंपनीतला साताऱ्याकडचा एक जवान होता. पावसानं गाठलं म्हणून चहाच्या दुकानात शिरलो. कोपऱ्यात एक मुलगा गिटारवर गात होता. सुरुवातीचे सूर ऐकताच गाणं ओळखलं. ट्रेसी चॅपमनचं 'फास्ट कार'.

"काय म्हणतंय साहेब हे गाणं?" जवानानं विचारलं.

मी थोडक्यात सांगितलं. एका मुलीचा बाप दारू पितो, आई घर सोडून गेलीय. बापाला बघायला कुणी नाही म्हणून मुलगी शाळा सोडते. एका मित्राकडे वेगवान गाडी आहे. ती त्याच्याबरोबर शहरात निघून जाते, दुकानात गल्ल्यावर काम करते, आज ना उद्या बरे दिवस येतील म्हणून वाट बघते. पुढं तो मित्रही दारूच्या गुत्त्यात बसायला लागतो. शेवटी ती त्याला सांगते, राहायचं की जायचं ते आता तूच ठरव.

जवान गप्प झाला. चहा तसाच निवला. मग म्हणाला, "साहेब, ही तर माझ्या बहिणीची गोष्ट."

त्याचे वडील पेन्शनवर आलेले हवालदार. दारू आधीही होती, पण युनिटमध्ये तिला वेळेचं आणि शिस्तीचं कुंपण होतं. घरी आल्यावर कुंपण गेलं, कँटीनचा कोटा तेवढा राहिला. दोन वर्षांपूर्वी आई वारली. बहीण बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील रात्री-अपरात्री कुठंतरी पडलेले सापडायला लागले, तसं तिनं कॉलेज बंद केलं. "मी दर महिन्याला पैसे पाठवतो साहेब, अजून काय करू?" असं तो म्हणाला. माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं.

हे गाणं आलं १९८८ साली, ट्रेसीच्या पहिल्याच अल्बममधून. तेव्हा ती २४ वर्षांची होती. क्लीव्हलँडच्या गरीब वस्तीत एकट्या आईनं वाढवलेली, आठव्या वर्षी गिटार हातात घेतलेली मुलगी. शिष्यवृत्तीवर शिकली आणि कॉलेजात असताना रस्त्यावर उभं राहून गायली. त्या वर्षी ११ जूनला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम होता. मंडेला तेव्हा तुरुंगातच होते. ट्रेसी आपली गाणी गाऊन गेली होती. पुढं स्टीव्ही वंडर यांच्या वाद्याची डिस्क ऐन वेळी सापडेना, म्हणून आयोजकांनी तिला पुन्हा उभं केलं. हातात एक गिटार, बस्स. एका संध्याकाळीत जगाला तिचं नाव कळलं. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला अॅम्नेस्टीच्या दौऱ्यात ती दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवरही गाऊन गेली.

ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या कंट्री गायकानं २०२३ मध्ये हेच गाणं पुन्हा गायलं. पुरुष असूनही त्यानं मुलीचे शब्द बदलले नाहीत. त्यामुळं त्या वर्षीचा कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार ट्रेसीला मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. ३५ वर्षांनी एखादं गाणं असं परत उभं राहतं, कारण त्यातली मुलगी अजून घरोघर आहे.

गाण्याची बांधणी नीट ऐका. कडव्यांमध्ये गिटारचे तेच चार-दोन सूर गोल गोल फिरतात, जणू कुणी एकाच खोलीत येरझाऱ्या घालतंय. ड्रम जोरात येतात ते धृपदाला. तिथं वेग आहे, वारं आहे, शहराचे दिवे आहेत. पण ती नुसती आठवण आहे. धृपद संपलं की गिटार पुन्हा त्याच खोलीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण फौजी लोक धृपद लक्षात ठेवतो आणि कडवी विसरतो. भरतीच्या दिवशी आपणही एका वेगवान गाडीत बसलो होतो. गरिबी, भाऊबंदकी, घरातली कटकट मागं टाकून निघालो. वर्दीनं आपल्याला माणसात आणलं, हे शंभर टक्के खरं. पण त्या गाडीत एकच सीट होती. आई, बायको, बहीण, मुलगी मागंच राहिल्या. आणि पेन्शन घेऊन परतल्यावर आपण कधी कधी त्यांच्याच गोष्टीतला बाप होऊन बसतो.

काही माजी सैनिक म्हणतील, दोन पेग घेतले तर काय आभाळ कोसळलं? मी सोवळेपणा सांगत नाही. थंडीत रम मीही घेतलीय. पण तुमच्या दोन पेगांपायी घरात कुणाचं शिक्षण थांबलं असेल, कुणी रात्री बॅटरी घेऊन तुम्हाला शोधत फिरत असेल, तर तो तुमचा खाजगी मामला राहत नाही. सीमेवर आपण एका सोबत्यालाही मागं सोडत नाही. मग घरच्या पोरीला मागं सोडायचं कसं?

नोकरीतल्या पोरांनाही सांगायचंय. मनीऑर्डरचा जमाना गेला, मोबाईलवरून क्षणात पैसे जातात, पण पैसे पाठवणं म्हणजे जबाबदारी उचलणं नव्हे. दारूचं व्यसन हा आजार आहे. मोठ्या लष्करी रुग्णालयांत त्यावर इलाज होतो. वडिलांचं ईसीएचएस कार्ड पाकिटात नुसतं पडून असेल तर सुट्टी टाका, त्यांना स्वतः घेऊन जा. एकट्या बहिणीच्या हातून ते होणार नाही. तिचं वडील ऐकत नाहीत, तुमचं कदाचित ऐकतील.

त्या जवानाची सुट्टी मी साहेबांसमोर उभं राहून मंजूर करून घेतली. तो गेला, वडिलांना पॉलिक्लिनिकमध्ये घेऊन गेला. पंधरवड्यानं त्यानं फोन केला. वडिलांचं अजून डळमळीतच आहे म्हणाला, एक दिवस बरा तर एक दिवस वाईट. पण बहिणीचा कॉलेजचा फॉर्म भरलाय, आणि ती वर्गात असेल तेव्हा वडिलांजवळ बसायला चुलत्यांना तयार केलंय.

वडील सुधारतील का, मला माहीत नाही. पोरगी मात्र पुन्हा वर्गात बसेल, एवढं तरी झालं.