स्वयंसेवा आणि वेठ

नाझी अंमलाखालील ग्रीसमधील उपासमारीने अस्वस्थ झालेल्या ऑक्सफर्डच्या काही नागरिकांनी 1942 साली एक दुष्काळ-निवारण समिती स्थापन केली. आज ती ‘ऑक्सफॅम’ या नावाने जगाला परिचित आहे. युद्ध संपल्यावर दान आलेले जुने कपडे विकून निधी उभारण्यासाठी तिने त्याच शहरातील ब्रॉड स्ट्रीटवर एक दुकान थाटले. पुढे निरनिराळ्या संस्थांची अशी हजारो दुकाने ब्रिटनमध्ये निघाली. दानाची गाठोडी सोडणे, फाटके-विटके वेगळे काढणे, उरलेल्यांना इस्त्री करून किमतीची चिठ्ठी लावणे, गल्ल्यावर बसणे ही कामे तेथे बहुतांशी विनावेतन स्वयंसेवक करतात. त्यांत निवृत्त स्त्रियांचा भरणा मोठा आहे.

या श्रमांची थट्टा करण्याचे कारण नाही. दानाने दारिद्र्याचे मूळ उखडत नाही, हे खरे. परंतु मोबदल्याखेरीज माणूस हात हलवीत नाही, या बाजारी सिद्धांताला हे स्वयंसेवक रोज उत्तर देतात. खरा प्रश्न निराळा आहे. श्रम फुकट द्यावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

2011 साली ब्रिटिश सरकारने हा अधिकार बेकारांकडून काढून घेतला. बेकारभत्त्यावर जगणाऱ्यांना चार आठवडे, आठवड्यास 30 तासांपर्यंत, विनावेतन कामाला जुंपण्याची योजना तेव्हा सुरू झाली. नकार देणाऱ्याचा भत्ता रोखला जाई. अनेकांची रवानगी धर्मादाय दुकानांत झाली. एकाच टेबलावर एक बाई आपखुशीने कपडे निवडीत होती, तर दुसरी उपासमारीच्या धाकाने! ऑक्सफॅमने अशा योजनांत भाग घेण्याचे नाकारले, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट होय.

त्याच काळात दुसऱ्या एका योजनेखाली, वस्तुसंग्रहालयात स्वेच्छेने काम करणाऱ्या एका पदवीधर तरुणीला ते काम सोडून एका दुकानसाखळीत फुकट राबावे लागले. तिने न्यायालयात दाद मागितली. ही वेठबिगारी आहे, हा तिचा मुद्दा न्यायालयाने मानला नाही. परंतु योजनेचे नियम फेब्रुवारी 2013 मध्ये बेकायदा ठरविले. मार्चमध्येच सरकारने पूर्वलक्षी कायदा करून आपली सुटका करून घेतली. पहिली योजना पुढे बंद पडली. तिच्यामागील विचार मात्र मेलेला नाही.

भारतीय वाचकाला हा विचार अपरिचित वाटू नये. आपल्याकडे 2005 पासून खेडोपाडी आरोग्यसेवेचा भार वाहणाऱ्या सुमारे 10 लाख ‘आशा’ सरकारदरबारी कामगार नव्हेत, स्वयंसेविका आहेत! त्यांना आणि इतर योजना-कामगारांना कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस 2013 च्या 45व्या भारतीय श्रम परिषदेने केली होती. ती अद्याप कागदावरच आहे.

हौसेला मोल नसते, अशी म्हण आहे. दुकानातील वृद्धेने पैसे न मागता दिलेला दिवस म्हणूनच आदरास पात्र ठरतो. परंतु जिची चूल त्या कामावर पेटते, तिच्या श्रमांना ‘सेवा’ म्हणून गौरविणे आणि वेतन नाकारणे, ही वेठीला चढविलेली हौसेची झूल होय. ती उतरविणे हे संघटित चळवळीचे काम आहे.