समासातले सतरा

मी सरकारी रस्त्यांच्या कामावर आयुष्य काढलं, त्यातली बरीच वर्षं कंधार आणि मुखेड तालुक्यांत. वाहतूक गणनेला आम्ही सलग सात दिवस, रात्रंदिवस पाळ्या लावून बसायचो. प्रत्येक वाहनामागे एक रेघ, आणि मग त्या रेघांना भार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोष्टकात मोटारीला 1, मोटारसायकलला 0.5, एसटीला 3 आणि बैलगाडीला 8. गाडी हळू चालते, वाट अडवते, म्हणून 8. पन्नास माणसं आणणारी एसटी मात्र 3. पायी चालणाऱ्याला कोष्टकात जागाच नाही.

एका सकाळी तांड्यावरच्या सतरा मुली शाळेला चालत गेल्या. मी समासात 17 लिहिलं. रकाना नव्हता, बेरजेत ते आलं नाही.

रस्ता किती रुंद हवा हे ठरवायला ते कोष्टक चोख आहे. पण कुठला रस्ता आधी करायचा, हेही त्याच आकड्यांवरून ठरवलं की अन्याय होतो. ओढ्याला पाणी आलं की जिथून जाताच येत नाही, तिथं वाहनं भरणार किती? वाहनं कमी म्हणून रस्ता मागे, आणि रस्ता नाही म्हणून वाहनं कमी.

गुण देऊन निवड करण्याच्या मी पूर्ण बाजूने आहे. गुण नसतील तर ज्याचं वजन मोठं त्याचा रस्ता आधी, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पंतप्रधान ग्रामसडक योजना 2000 साली आली तेव्हा सपाट भागात 500 लोकवस्तीची अट होती. आमच्याकडचे कितीतरी वाडी-तांडे तिथंच गळले. 2019 मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यात लोकसंख्येबरोबर शेतमालाचा बाजार, शाळा, दवाखाना यांनाही गुण मिळाले. ही मोठी सुधारणा आहे. तरी रस्ता वर्षातून किती दिवस बंद असतो, याचं वजन मला कुठल्याच यादीत पुरेसं दिसत नाही. जागतिक बँकेचा ग्रामीण रस्त्यांचा निर्देशांकसुद्धा साधा रस्ता धरत नाही; घरापासून दोन किलोमीटरच्या आत बारमाही रस्ता आहे का, एवढंच विचारतो.

माझ्या हाती असतं तर शंभरातले 35 गुण बंद दिवसांना दिले असते. 25 शाळा-दवाखान्याला, 20 मोंढ्यापर्यंतच्या अंतराला, उरलेले 20 वाहनांना. कुणी म्हणेल 35 फार झाले, 30 करा. करा, पण तो वाद ग्रामसभेत होऊ द्या.

बंद दिवस मोजायला नवी यंत्रणाही नको. कुठली फेरी कधी रद्द झाली हे एसटीच्या आगारात कळतं. शाळेच्या हजेरीपटावर पावसाळ्यातले गैरहजेरीचे शेरे असतात. दोन्ही शेजारी ठेवले की ओढा सापडतो. आणि ओढाच सापडायला हवा, कारण रस्ता चार किलोमीटरचा असला तरी अडतो पंधरा मीटरवर. आपल्याकडे काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर सोबत फाटतं. अशा जमिनीवर चार किलोमीटर डांबर अंथरून नळकांडी पूल जुनाच ठेवला, तर उद्घाटनानंतरच्या पहिल्या पुरात गाव पुन्हा तुटतं. आधी पूल, मग डांबर.

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग 800 हून अधिक किलोमीटरचा, आपल्या नांदेड जिल्ह्यातूनही आखलेला. त्याला कशाकशाचे किती गुण मिळाले, हे शेतकऱ्याला जमीन मागण्याआधी सांगायला हवं होतं. लहान रस्त्याला गुणांची चाळणी लागते, मग मोठ्याला का नको?

पंचायत समितीच्या फलकावर तालुक्यातल्या रस्त्यांची गुणपत्रिका लावा: प्रत्येक रस्त्याचं नाव, प्रत्येक निकषाचे गुण. हरकत घ्यायला पंधरा दिवस द्या. पायी शाळेला जाणाऱ्या मुलांचा रकाना त्यात पहिला असू द्या. आकडा भरून द्यायला मी कंधारातच आहे.