पिकोलाच्या आईचं काय करायचं?

आईविषयी बोलायचं म्हटलं की आपल्या चळवळीचा घसा दाटून येतो. कवितेतली माय मोळी विकते, अर्धपोटी राहून लेकराला शिकवते. ती माय खरीच आहे. पण लेकीचा छळ करणारी आई साहित्यात आली की आपण पान उलटतो. म्हणूनच टोनी मॉरिसन यांची 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) ही कादंबरी आम्ही अभ्यासवर्गात मुद्दाम घेतो.

अमेरिकेतलं ओहायो राज्य, लोरेन गाव, १९४१ साल. पॉलीन ब्रीडलव्ह ही कृष्णवर्णीय बाई गोऱ्यांच्या घरी कामाला आहे. तिची अकरा वर्षांची लेक पिकोला तिथे येते. तिच्या हातून गरम गोड पदार्थाचं भांडं पडतं, पाय भाजतात. आई धावते ती मारायलाच. भाजलेल्या लेकीला खाली पाडते आणि मालकाच्या रडणाऱ्या मुलीला जवळ घेऊन तिचा फ्रॉक बदलून द्यायचं कबूल करते. ही मुलगी कोण, असं ती गोरी पोर विचारते. 'माझी लेक' एवढंही पॉलीनच्या तोंडून निघत नाही. गोरी पोर तिला 'पॉली' म्हणते, पोटची पोर मात्र 'मिसेस ब्रीडलव्ह'!

सिनेमा पाहून पाहून पॉलीन चेहरे मोजायला शिकली होती. त्याच मापाने तिने तान्ह्या लेकीला कुरूप ठरवलं. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता हीच: वरच्याला आदर, खालच्याला तिरस्कार. पॉलीनच्या खाली उरली कोण? लेक.

पिकोलाला आईचा राग येत नाही. ती निळे डोळे मागते. पुढे बाप बलात्कार करतो तेव्हा आई विश्वास ठेवत नाही, उलट झोडपते. शेवटी भ्रमिष्ट झालेली पिकोला मनातल्याच मैत्रिणीशी बोलत बसते. ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतंच.

काही कार्यकर्ते म्हणतात, आईला व्यवस्थेनेच असं घडवलं. मान्य. मॉरिसनही पॉलीनची कहाणी तिच्याच तोंडून ऐकवतात, पण म्हणून पिकोलाचे भाजलेले पाय झाकत नाहीत. आपण झाकतो. 'काळी', 'कोण करणार हिला' हे ऐकत वाढलेल्या मुली वस्तीत आमच्याशी बोलतात तेव्हा आवाज खाली घेतात; घरातलं बाहेर गेलं तर सवर्ण हसतील, असं त्यांना बजावलेलं असतं. आणि हे बजावणाऱ्यांत आपले पुढारीही असतात!

येत्या १४ एप्रिलच्या व्याख्यानमालेत भीमाई-रमाईंवर भाषणं होतीलच. एक सत्र या लेकींसाठी ठेवा, आणि त्यात आधी त्यांना बोलू द्या.