तहान लागण्यापूर्वी



पावसाळा सरला की समुद्र शांत होतो आणि आमच्या टपालात जलप्रवासाविषयीची पत्रे वाढू लागतात. कोचीहून लक्षद्वीपला जावे काय, वृद्ध माणसांना जहाज सोसेल काय, मुलांना उलट्या झाल्या तर कोणते औषध जवळ असावे, असे नानाविध प्रश्न त्यांत असतात. पिण्याच्या पाण्याविषयी मात्र आजवर एकाही वाचकाने विचारलेले नाही. म्हणून आज न विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देत आहे.

जहाज बेटाबाहेर नांगर टाकून उभे राहते, प्रवासी लहान होडक्यांतून किनाऱ्यावर उतरतात, चारसहा तास हिंडतात आणि ठरल्या वेळी परततात. इंग्रजीत याला ‘शोअर एक्स्कर्शन’ म्हणतात. आमच्या कचेरीत या शब्दावर बराच खल झाला. ‘तटविहार’ फारच काव्यमय वाटला, तेव्हा ‘किनारफेरी’ वर समेट झाला. शरीराला पाण्याचा तुटवडा भासतो तो बहुधा जहाजावर नव्हे, तर या किनारफेरीत.

याचा प्रत्यय मला मिनिकॉय बेटावर आला. आमच्यासमवेत माझ्या आत्याबाई होत्या. वय अडुसष्ट, चालण्याची उत्तम सवय. बेटावर १८८५ साली बांधलेले उंच दीपगृह आहे. त्याच्या गोल जिन्याने त्या आम्हा सर्वांच्या पुढे वर गेल्या. उतरताना मात्र मध्येच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ओठ कोरडे पडले होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि बोलणे तुटक झाले होते. त्यांना धरून खाली आणले, माडाच्या सावलीत निजवले, पाय उशाहून उंच ठेवले. घोट घोट पाणी पोटात गेल्यावर अर्ध्या तासाने त्या सावरल्या. सकाळपासून किती पाणी घेतले होते, असे विचारले तेव्हा म्हणाल्या, “अगं, एक कप चहा. वर पाणी प्यायले असते तर इथे जायचे कुठे?”

हे उत्तर आमच्या असंख्य भगिनींच्या मनातले आहे. परक्या ठिकाणी स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने स्त्रिया प्रवासात पाणीच वर्ज्य करतात आणि कुटुंबातील कोणाच्या ते ध्यानीही येत नाही. माझ्या तरी ते आले नव्हते. तेव्हा होडक्यात पाऊल ठेवण्यापूर्वीच वाटाड्यास स्वच्छतागृह कोठे आहे हे सर्वांदेखत विचारून घ्यावे. हे काम घरातील पुरुषांनी वा तरुण मुलांनी केले, तर वडीलधाऱ्या स्त्रियांना संकोच पडणार नाही.

समुद्रकाठची हवा मोठी फसवी असते. लक्षद्वीपमध्ये पारा सहसा बत्तीस-तेहतीस अंशांवर चढत नाही. विदर्भातील वाचकांना तर हा उन्हाळाच वाटणार नाही! परंतु हवेत बाष्प इतके असते की घाम लवकर सुकत नाही, आणि घाम सुकल्यावाचून अंग थंड होत नाही. जेथे वारा असतो तेथे घाम येतो तसाच उडूनही जातो, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले याचा अंदाज लागत नाही. खाजणात पोहताना, पाण्याखालची प्रवाळे पाहताना तर घामाची जाणीवच होत नाही. शिवाय अंग पाण्यात बुडाले की लघवीचे प्रमाण वाढते. त्यात आदल्या रात्री जहाज लागून उलट्या झालेल्या असल्या, तर माणूस किनाऱ्यावर उतरतो तोच पाण्याची तूट घेऊन. उलटीवरील काही गोळ्यांनी तोंडही कोरडे पडते.

तहान हा इशारा आहे खरा, पण तो उशिरा मिळतो. उतारवयात तर तो आणखी मंद होतो. म्हणून सकाळच्या न्याहारीबरोबर दोन पेले पाणी घ्यावे. ते एकदम न घेता उतरण्यापूर्वी तासभर अगोदर संपवावे, म्हणजे जहाजावरील स्वच्छतागृहाचा उपयोग करूनच होडक्यात बसता येते. पुढे उन्हात असताना दर वीसपंचवीस मिनिटांनी अर्धा पेला पुरे. प्रत्येकाजवळ एक लिटरची स्वतंत्र बाटली असावी. एकाच बाटलीवर चौघांचे कुटुंब निघते, तेव्हा मुले पितात आणि आई उरलेले घेते. बहुधा काही उरतच नाही. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक चालले आहे. गडद झाली, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

जहाजावरील नळाचे पाणी खारे असेल, या समजुतीने काही जण ते घेत नाहीत. जहाजात समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी तयार करण्याची व्यवस्था असते. पिण्याचा म्हणून जो नळ दाखविला असेल तेथून बाटल्या निःशंक भरून घ्याव्यात. बेटावर गोडे पाणी ही दुर्मिळ वस्तू आहे. प्रवाळाच्या भूमीत पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते, आणि फार उपसले तर विहिरी मचूळ होतात. यावर आपल्या शास्त्रज्ञांनी योजिलेला उपाय कौतुकास्पद आहे. कवरत्ती येथे २००५ साली व मिनिकॉय येथे २०११ साली असे प्रकल्प सुरू झाले: पृष्ठभागावरील कोमट पाण्याची कमी दाबाच्या पात्रात वाफ करायची, आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंडगार पाण्याच्या साहाय्याने तिचे गोडे पाणी करायचे. कवरत्तीच्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला एक लाख लिटरची. इतक्या सायासाने मिळविलेल्या पाण्यावर पाहुण्यांनी भार टाकण्यापेक्षा आपले पाणी जहाजावरूनच न्यावे, आणि रिकामी बाटली परत आणावी.

शहाळे बेटावर मिळते व ते जरूर घ्यावे. मात्र त्यात पोटॅश भरपूर आणि मीठ थोडे असते, त्यामुळे घामाने गेलेल्या मिठाची भरपाई त्याने पुरती होत नाही. सोबत खारे शेंगदाणे असले तर बरे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज शहाळे घेऊ नये. हृदय वा मूत्रपिंडाच्या रोगामुळे ज्यांना पाणी मोजून घेण्यास सांगितले आहे, त्यांनी वर दिलेले प्रमाण स्वतःस लागू करू नये. निघण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. लघवीची औषधे घेणाऱ्यांनीही तसेच करावे.

उलट्या वा जुलाब झाले असतील तर क्षारसंजीवनीचे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून घोटाघोटाने द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ अंदाजाने टाकू नये. तसेच, खूप तहान लागली म्हणून तासाभरात दीड लिटरहून अधिक पाणी रिचवणेही घातक आहे. रक्तातील मीठ पातळ होऊन त्यानेही चक्कर येते.

माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी मुळीच घालू नये. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. होडके सुटण्याची वेळ झाली म्हणून अशा माणसास धावपळ करायला लावू नये.

आत्याबाई त्यानंतर गेल्या वर्षी घारापुरीला गेल्या. लेण्यांकडे चढणाऱ्या शंभरावर पायऱ्या त्यांनी चारदा बसून, चारदा पाणी पिऊन पार केल्या. आणि धक्क्यावर उतरताच प्रथम काय विचारले, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

जहाज लागण्यावरील औषधांविषयी ज्यांनी विचारले आहे, त्यांना पुढील अंकी उत्तर देऊ.