मंडपाबाहेरची सेवा

आमच्या वसईकडे चर्चच्या सणाला 'स्वयंसेवक' नावाची एक जमात दिसते. छातीवर बिल्ला, गळ्यात शिट्टी आणि काम काय, तर गाड्या नीट लावून घेणे. दुसरे स्वयंसेवक नाताळचा गोठा बांधतात, तिसरे गायनमंडळात गातात. माझं यांच्याशी अजिबात वैर नाही. गोठ्याला दिव्यांच्या माळा मीही जोडून दिल्यात (सॉफ्टवेअरवाल्याला वायरिंग येतंच अशी लोकांची समजूत असते, काय करणार!). पण मिस्सा सुटल्यावर कुणी छाती फुगवून "आम्ही खूप सेवा करतो हो" म्हणालं की माझं डोकं फिरतं. अहो, ही आपणच आपली केलेली सेवा! हाउसिंग सोसायटीच्या कमिटीवर काम करणारा माणूसही भला असतो, पण त्याच्या कामाला कुणी धर्म म्हणत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानाचा 25वा अध्याय काढून बघा. शेवटच्या न्यायाची प्रश्नपत्रिका तिथे चक्क आधीच फुटलेली आहे. भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. सहा प्रश्न, सगळे अनिवार्य. त्यातला एकही गोठ्याच्या सजावटीवर नाही. आणि गंमत म्हणजे जे पास होतात त्यांना आपण पेपर दिलाय हेच माहीत नसतं, "आम्ही हे कधी केलं?" म्हणून तेच उलट विचारतात. इथे आम्ही पाच ब्लँकेटं वाटली तरी मागे बॅनर हवा.

आमची खरी दांडी उडते ती तिसऱ्या प्रश्नावर. परका. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाखांच्या वर गेली होती. यातले कितीतरी लोक मुंबईत घर परवडत नाही म्हणून इकडे आलेले. आमच्या पारावर त्यांचं नाव 'बाहेरचे'. पाणी गेलं, बाहेरच्यांमुळे. लोकलमध्ये जागा नाही, बाहेरच्यांमुळे. पण वाड्या बिल्डरला विकल्या कुणी, बावखलं मातीने बुजवली कुणी? (बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं पावसाचं पाणी साठवणारं तळं. विहिरी गोड राहायच्या त्या त्याच्याच जिवावर.) जुलै 2018 मध्ये वसई, नालासोपारा दिवसच्या दिवस पाण्यात होतं, लोकल बंद, वीज गायब. तेव्हा पाण्याने कुणाचा बाप्तिस्मा झालाय ते विचारलं नाही.

आता म्हणाल, बावखलं आणि बिल्डर यात धर्म कुठून आला? हाच प्रश्न लोकांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना विचारला होता. वसईचा हिरवा पट्टा आणि विहिरींचं पाणी वाचवायला ते हरित वसईच्या चळवळीत उतरले, तेव्हा धर्मगुरूने मिस्सा सांगावी, या भानगडीत पडू नये असा सल्ला त्यांना फुकटात मिळायचा. त्यांनी तो ऐकला नाही. पुढे 2020 मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आम्ही सगळ्यांनी 'आमचे फादर' म्हणून मिरवून घेतलं. 2024 मध्ये ते गेले. श्रद्धांजलीच्या बॅनरवर फोटो कुणाकुणाचे होते, असो.

ज्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या पेटीत आपण नाणी टाकतो, तिचा उगमही बघण्यासारखा आहे. पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा कॉलेजातला पोरगा ख्रिस्ती धर्माच्या थोरवीवर वाद घालत असे. समोरच्यांनी सुनावलं, पूर्वी केलंत ते ठीक, आज काय करता ते दाखवा. पोरगा वरमला आणि 1833 मध्ये काही मित्र घेऊन गरिबांच्या घरी जायला लागला. वय वर्षं 20. पेटी ठेवण्यावर त्याचं भागलं नाही. घरी जायचं, बसायचं, बोलायचं, हेच त्या सोसायटीचं मुख्य काम ठरलं. आपण मात्र पेटीपुरतेच उरलोय.

इथे ऑफिसातल्या मित्रांचा ठरलेला बाउन्सर येतो, "शेवटी धर्मांतरासाठीच ना हे?" त्यांनाही उत्तर देऊन टाकतो. लूकच्या 17व्या अध्यायात येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले. आभार मानायला परत आला एकच, तोही परका, शोमरोनी. बाकी नऊ आपापल्या वाटेने गेले. त्यांचं बरं झालेलं अंग येशूने परत मागितलं नाही. मदतीला अट लावली की ती विक्री होते, मग ती अट आपल्यातल्या कुणी लावलेली असो. असं कुणी करत असेल तर त्याच्याशी भांडायला मी तुमच्याआधी उभा राहीन. पण नऊजण परत येणार नाहीत हे माहीत असूनही मी जाणार, आणि कुणी का म्हणून विचारलंच तर येशूचं नावही सांगणार. ते का लपवू?

माझ्यापुरतं काम अगदी रुक्ष आहे. रविवारी दोन तास लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायचे. रेशन कार्डाचं केवायसी, नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले, आधारवरच्या नावात 'अ'चा 'आ' झालेला तो निस्तरायचा. बोटांचे ठसे झिजलेल्या आजीबाईंना मशीन ओळखत नाही, तिथे कोडिंग कामाला येत नाही, चिकाटी लागते. यासाठी आम्ही पॅरिशचा हॉल मागितला होता. बाहेरच्यांची गर्दी होईल, लग्नाचं बुकिंग असतं, असं उत्तर मिळालं. सध्या आम्ही तिघं स्टेशनच्या पूर्वेला एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो. दुकानदार जौनपूरचा आहे, भाडं घेत नाही. प्रिंटर त्याचा, कागद आम्ही नेतो. चौथा माणूस हवाय, बिल्ला मिळणार नाही.