मुसाफिराची नियत
युरोपातील अनेक निवृत्त जोडपी हिवाळ्यात मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, घेऊन स्पेनहून बोटीने मोरोक्कोत उतरतात आणि सावकाश फिरतात. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे बोटी अचानक थांबल्या आणि कित्येकांचे बेत कोलमडले.

याच मोरोक्कोतील तांजियरहून १३२५ साली इब्ने बतूता हजला निघाले. मायदेशी परतले १३४९ मध्ये! वाटेत दिल्लीत काझी झाले, आपले दौलताबादही पाहिले.

बेत बदलतात, हे आपला दीन जाणतो. हनफी मसलकानुसार मुसाफिराने एका ठिकाणी १५ दिवस मुक्कामाची नियत केली तर नमाज पूर्ण. ‘उद्या निघू’ म्हणत दिवस लांबले तर कस्रच.

सुट्टीचा बेत जरूर आखा. मोडला तर घरच्यांवर चिडू नका. इन्शाअल्लाह म्हणतो, ते याचसाठी.