पहारा भाडेकरूचा, किल्ली घरमालकाची

वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेत काय किंवा अन्यत्र काय, भाड्याच्या खोलीबरोबर घरमालकाचे वायफाय मिळाले की त्याच भरवशावर दाराशी कॅमेरा बसविण्याचा मोह भाडेकरूस होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याच्या हाती राऊटर, त्याच्या हाती तो पहाराही जातो. चित्रण सांकेतिक रूपात जात असेल तर मालकास ते सहसा दिसत नाही, हे खरे. मात्र कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला असेल, तर त्याच वायफायवरील शेजाऱ्यालाही कॅमेरा उघडता येतो. २०१६ साली ‘मिराय’ने असेच असंख्य कॅमेरे जगभर काबीज केले होते. आणि कुरबुर होऊन मालकाने वायफायचा पासवर्डच बदलला तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम २९ पाणी, वीज, जिन्यातील दिवेसुद्धा तोडू देत नाही. वायफायचा मात्र त्यात उल्लेख नाही. भाड्यातच ज्याचे मोल वसूल होते, त्या सोयीची ही अवस्था! तेव्हा ती भाडेकरारात लिहून घ्यावी, मालकाने भाडेकरूंस वेगळे ‘गेस्ट’ जाळे द्यावे, कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असावे. कॅमेऱ्याचा रोख अर्थातच आपल्याच दारावर हवा. खासगीपणाचा जो हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मूलभूत ठरविला, तो समोरच्या बिऱ्हाडालाही आहे.